सांडलेले छोटे शब्द

दिनानाथ सर इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात झोपी गेलेला होता, मराठी कुठेतरी वाटेत राहून गेली होती, आणि इंग्रजी आली होती ती नुसती क्रियापदं बरोबर घेऊन. तीही सगळी होऊन गेलेली. केम. सॅट. एट. वेंट. कोण आलं, कशावर बसलं, कोणाबरोबर गेलं, याचा काही मागमूस नाही. झाडाखाली फुलं पडावीत तशी ती क्रियापदं सरांच्या तोंडून एकेक पडायची, आणि आनंदीबाई ओंजळ धरून उभ्या असायच्या.

आनंदीबाई म्हणजे सरांची बायको. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाडीत. केळीच्या बुडातलं कोणतं पिल्लू ठेवायचं नि कोणतं काढायचं, मोगऱ्याची कळी किती फुगली की खुडायची, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. इंग्रजी मात्र घरात एकट्या सरांची. तीस वर्षं त्यांनी नंदाखालला ती शाळेत शिकवली, आणि घरी आल्यावर चपलांबरोबर ओट्याखाली काढून ठेवली. बायकोशी बोलायची ती घरची बोली. आता त्या बोलीतला एक शब्द सरांना सापडत नव्हता, आणि चव्वेचाळीस वर्षं ज्यांच्याशी संसार केला त्यांच्याशी बोलायला आनंदीबाईंना परकी भाषा शिकायची वेळ आली होती.

पण त्या शिकायला बसल्या त्या एका शब्दापायी.

झालं असं. सर घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी आनंदीबाईंनी त्यांना ओट्यावर खुर्चीत बसवलं, आणि खुडून आणलेल्या मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली समोर ठेवून त्या वेण्या बांधायला बसल्या. सर टोपलीकडे बघत राहिले. मग बायकोकडे. मग डावा हात उचलून त्यांनी टोपलीवर बोट रोखलं आणि म्हणाले, "मॅरीड."

एवढी इंग्रजी आनंदीबाईंना येत होती. टीव्हीवर येते, बँकेच्या फॉर्मवर असते.

"काय? कोणाचं लग्न?"

"मॅरीड. मॅरीड." सरांचं बोट टोपलीवरून हलेना.

आणि आनंदीबाईंना हसू फुटलं. इस्पितळाच्या बाकावर अकरा दिवस, अकरा रात्री जे रडू त्यांनी आवळून धरलं होतं, ते असं भलत्याच दाराने बाहेर पडलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. सरांनी हात खाली घेतला. मान भिंतीकडे वळवली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, एकही क्रियापद पडलं नाही.

तिसऱ्या सकाळी आनंदीबाई चहाची बशी त्यांच्या ओठाला लावत होत्या. सरांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "लाफ्ड."

त्यानंतर रोज. चहा देताना लाफ्ड, केस विंचरताना लाफ्ड, पाठ पुसताना लाफ्ड.

आनंदीबाईंनी गल्लीपलीकडच्या प्लासिड सरांना गाठलं. हे दिनानाथ सरांचे शाळेतले जोडीदार, विज्ञान शिकवायचे. दोघांची अख्खी नोकरी एकमेकांची टिंगल करण्यात गेली होती. प्लासिड सर झावळ्या गोळा करत होते.

"भाऊजी, लाफ्ड म्हणजे काय हो?"

"लाफ्ड? हसला." त्यांनी कंबर सरळ केली. "हसली. हसले. हसलं. कोणीही."

"कोणीही कसं? बाई का पुरुष ते कळायला नको?"

"नाही कळत, वहिनी. आपण हसली म्हटलं की त्यात बाई आलीच. इंग्रजांचं क्रियापद मोठं गरीब. त्याला ना बाई कळत ना बाप्या. म्हणून मग पुढे-मागे छोटे छोटे शब्द लावायचे. शी लाफ्ड. ही लाफ्ड. आणि कोणाला हसली त्याला अजून दोन. शी लाफ्ड ॲट मी, ती मला हसली. शी लाफ्ड विथ मी, ती माझ्याबरोबर हसली."

आनंदीबाईंनी पायाशी पडलेली एक झावळी उचलून ढिगावर टाकली. "मला हसली, आणि माझ्याबरोबर हसली. म्हणजे एका गहूभर शब्दाने एवढा फरक?"

"तुमच्या घरवाल्याने आयुष्यभर तेच तर शिकवलं! आम्हाला स्टाफरूममध्येसुद्धा सुखाने चहा पिऊ द्यायचा नाही." प्लासिड सरांचा आवाज खाली आला. "काय झालं, वहिनी?"

"काही नाही. मला शिकवा हे."

"काय?"

"ते छोटे शब्द. यांचे सांडलेत ना, मला वेचायचेत."

दर मंगळवारी विरारच्या मनवेलपाड्यातून दिपिका यायची. वाचा परत आणायला शिकवणारी मुलगी, तिशीच्या आतली, स्कूटीवरून उतरतानाच "काका, क्या हाल है?" असं विचारणारी. तिने पहिल्या दिवशीच समजावलं होतं, "काकू, टेन्शन नका घेऊ. डोक्यात जिथे धक्का बसला ना, तिथे असं होतं. छोटे शब्द आधी पडतात. रोज खडूने लिहून शिकवलेलं राहतं कधीकधी. गाणं राहतं. पाठ असलेलं राहतं. त्यांना सगळं समजतंय हां, फक्त बाहेर येताना सुटं सुटं येतंय." आणि जाताना तिने एक कागद दिला. त्यावर रोज करायच्या गोष्टी, आणि समोर खूण करायला चौकोन. सगळ्यात वर लिहिलं होतं, सकाळी तीन वेळा पेशंटला नाव घेऊन हाक मारणे.

आनंदीबाईंनी कागद वाचला आणि घडी घालून देवळीत ठेवला.

नाव? त्यांनी ते पहिल्यांदा घेतलं होतं लग्नाच्या दिवशी, याच घराच्या उंबऱ्यावर. नणंदा दार अडवून उभ्या होत्या, हातात मोगऱ्याच्या माळा, आणि उखाण्याशिवाय आत सोडायला तयार नाहीत. आनंदीबाईंनी घोकून आणलेला उखाणा सुरू केला, पहिली ओळ म्हटली, आणि नावापाशी येऊन घसा असा बसला की पुढे काही फुटेना. सगळं अंगण चिडीचूप. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या नवरदेवाने, परीक्षेत अडलेल्याला मास्तरांनी हळूच सुचवावं तसं, स्वतःचंच नाव कुजबुजलं. पुढे काय झालं ते गाव अजून सांगतं. मांडव हसून हसून पडला, नवरा-नवरीसकट. नणंद म्हणाली, आमचा दादा पहिल्याच दिवशी शिकवायला लागला! त्यानंतर हळदीकुंकवाला, मुलाच्या लग्नात, अशा पाच-सहा वेळा नाव घेतलं असेल, तेही उखाण्याच्या आडोशाने. एरवी सर म्हणजे "अहो". माणसांत "हे". एव्हरशाईनच्या फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा उमंग फोन करायचा तेव्हा "तुझे बाबा". चव्वेचाळीस वर्षं संसाराचा गाडा सर्वनामावर चालला होता आणि कुठे अडला नव्हता.

तेव्हा आनंदीबाई रोज सकाळी खुर्चीसमोर उभ्या राहायच्या, मोजून तीन वेळा "अहो" म्हणायच्या, सर तिन्ही वेळा वर बघायचे, आणि त्या चौकोनात प्रामाणिकपणे खूण करायच्या.

संध्याकाळी प्लासिड सर शिकवायला यायचे. शिकवणीबद्दल सुकेळी. आनंदीबाईंच्या हातची ती उन्हात वाळवलेली राजेळी केळी मधासारखी लागायची, आणि त्यासाठी प्लासिड सर फ्रेंचसुद्धा शिकवायला तयार होते.

"लुक्ड ॲट हिम. त्यांच्याकडे बघितलं. लुक्ड फॉर हिम, त्यांना शोधलं. लुक्ड आफ्टर हिम, त्यांना सांभाळलं."

"बघितलं, शोधलं, सांभाळलं," आनंदीबाई म्हणाल्या. "क्रियापद एकच?"

"एकच."

"आणि हे हिम म्हणजे?"

"तो. ते. नाव न घेता सांगायचं असलं की हिम."

आनंदीबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे आमचे 'हे'! बघा, त्यांच्या बायकासुद्धा नाव घेत नसणार."

"घेतात, वहिनी. डार्लिंग बिर्लिंगही म्हणतात."

"भाऊजी, सुकेळी खा."

खुर्चीतून सर ऐकत असायचे. कधी ओठ हलायचे, आवाज नाही. प्लासिड सर एखादा शब्द मुद्दाम चुकीचा जोडायचे, वेटेड ॲट हर, आणि सरांच्या कपाळाला अशी आठी पडायची की प्लासिड सर टाळी वाजवायचे. "बघा! मास्तर जागा आहे आत!"

पण कागदावर लिहून पाठ करणं आनंदीबाईंना जमेना. त्यांच्या डोक्यात जे काही होतं ते चालीवर बसलेलं. आईने शिकवलं ते वेणी बांधताना, सासूने शिकवलं ते कांडताना. म्हणून त्यांनी आपली वेणी बांधायची ओवी घेतली.

सुटी सुटी कळी
राहीना गं ओंजळीत
दोर गं सोपाचा
बांधून घे तू वेणीत

केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोर दिसायला फडतूस, सालपटासारखा. सुताने बांधलं तर कळीचा देठ कापतो. सोपाचा दोर भिजवून घेतला की मऊ राहतो, धरतो पण कापत नाही. त्याच चालीवर आनंदीबाई म्हणायला लागल्या.

केम विथ हर गं
वेंट टू हिम
सॅट बाय देम गं
लुक्ड आफ्टर हिम

रस्त्याने जाणाऱ्या बायका फाटकाशी थबकायच्या. "आनंदीताई, हे काय गाणं?"

"यांचा धडा," आनंदीबाई म्हणायच्या, आणि पुढची कळी उचलायच्या.

एके सकाळी कळी उचलायला हात घातला तर हातात आधीच दोन कळ्या आल्या. सरांच्या डाव्या हाताने दिलेल्या. शाळेला सुट्टी असली की ते असेच बसायचे, दोन-दोन कळ्यांची जोडी लावून द्यायचे, आनंदीबाई गाठ मारायच्या. आता एका हाताने करताना एखादी कळी निसटून ओट्याखाली जात होती, पण जोडी बरोबर लागत होती. देठाला देठ. आनंदीबाईंनी ओवी थांबवली नाही. थांबवली तर हात थांबेल अशी भीती वाटली.

वेणी हातभर झाली तेव्हा सर म्हणाले, "लाफ्ड."

ओवी तिथेच तुटली. दीड महिना हा एकच शब्द. आनंदीबाईंनी दोर खाली ठेवला. आता त्यांच्याजवळ विचारण्यापुरते शब्द होते.

"आय लाफ्ड ॲट यू?" एकेक शब्द चिमटीत धरून त्यांनी विचारलं. "तुम्हाला हसले मी? म्हणून रोज म्हणता?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले. मान हलली, पण ती हो म्हणून का नाही म्हणून, का नुसतीच, ते कळलं नाही. "लाफ्ड," ते परत म्हणाले, आणि जोडी लावायला गेलेली बोटं टोपलीतच राहिली.

त्या दिवशी फुलं घेऊन जाणारा आला तेव्हा वेण्या चार कमी होत्या. आनंदीबाईंना दुपारी जेवण गेलं नाही. माणूस मरणाच्या दारातून परत येतो, बायकोला काही सांगायला तोंड उघडतो, आणि बायको हसते. त्याने तेवढंच लक्षात ठेवलं असेल तर त्याचं काय चुकलं? माफी मागायची तर कोणत्या भाषेत? आपल्या बोलीत मागितली होती, कितीदा. ती त्यांच्यापर्यंत पोचली की नाही हेच कळायला मार्ग नव्हता.

दोन महिने झाले तेव्हा दिपिका परीक्षेची वही घेऊन आली. प्लासिड सरही येऊन बसले, मित्राचा निकाल ऐकायला. दिपिकाने चित्रं दाखवली, सरांनी बोट ठेवलं. छत्री, घड्याळ, गाय, सगळं बरोबर. ती खुश झाली.

"आता एकदम सोपं, काका. तुमचं नाव काय?"

सर विचारात पडले. मोठ्या पटांगणापलीकडून कोणी हाक मारतंय आणि ती ओळखायची आहे, तसा चेहरा. मग त्यांनी मान ताठ केली आणि खणखणीत सांगितलं, "अहो."

दिपिकाची पेन्सिल थांबली. "काका, नाव. तुमचं नाव?"

"अहो," सर म्हणाले. उत्तर येत असलेल्या विद्यार्थ्याला दोनदा विचारलं की तो जरा चिडतो, तसे.

प्लासिड सरांचं पोट हलायला लागलं. आनंदीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पोट जागच्या जागी बसलं. या ओट्यावर आता यांना कोणी हसायचं नव्हतं.

"काकू," दिपिकाने देवळीतून कागद काढला, "इथे तर रोज तीन टिक आहेत. एक दिवस सुटलेला नाही. नाव घेऊन हाक मारता ना?"

"हाक मारते."

"नाव घेऊन?"

आनंदीबाईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढला. "रोज तीनदा मारते. मोजून."

"काय म्हणून?"

उत्तर प्लासिड सरांनी दिलं. "अगं बाय, काय म्हणून काय विचारतेस? त्याने सांगितलं की आत्ता."

दिपिकाने पेन्सिल उलटी केली. मग तिने वहीत लिहिलेला भोपळा खोडला. "मग त्यांचं करेक्ट आहे. चूक आपली. पण काकू, दोन महिन्यांनी काकांच्या तोंडून पहिला मराठी शब्द आलाय, आणि तो तुमचा आहे. कळतंय का तुम्हाला?"

आनंदीबाईंना ते कळलंच नव्हतं. त्या चुकीतच अडकल्या होत्या. आता त्यांनी सरांकडे बघितलं. सर त्यांच्याकडेच बघत होते.

"आता त्यांना त्यांचं नाव ऐकवा. एकदाच. मी आहे ना, घाबरू नका."

आनंदीबाई उभ्या राहिल्या. घसा साफ केला. पहिलं अक्षर जिभेवर आलं आणि तिथून उलट फिरलं. परत प्रयत्न केला. चौसष्ट वर्षांच्या बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"असं नाही यायचं," त्या म्हणाल्या. "उखाण्यात घेते."

"घ्या ना! मस्त!"

उखाणे त्यांना पन्नास येत होते. पण त्या वेळी ओठांवर आला तो पहिला. त्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, उखाणा घ्यायची जागा तीच होती म्हणून असेल. दारात प्लासिड सरांची खुर्ची होती.

"केळीच्या सोपानं मोगरा बांधला दाट..."

आणि घसा बसला. तिथेच, नावापाशी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जिथे बसला होता त्याच जागी. आनंदीबाईंनी डोळे मिटले. ओट्यावर चिडीचूप. वाडीत पाण्याचा पाट तेवढा वाजत होता.

मागून, खुर्चीतून, अर्ध्याच ओठांनी, परीक्षेत अडलेल्याला सुचवावं तसं कोणी कुजबुजलं,

"दिनानाथ."

आनंदीबाई गर्रकन वळल्या. सरांची मान थोडी पुढे झुकली होती, भुवया वर, पुढे म्हण, पुढे म्हण असं सांगणाऱ्या. अगदी तसाच चेहरा. मुंडावळ्या तेवढ्या नव्हत्या.

त्यांना हसू फुटलं. आवरायला गेल्या तर जास्तच फुटलं, पार पोटातून, डोळ्यांतून पाणी काढत. आणि मग आठवलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, घाबरून सरांकडे बघितलं.

"लाफ्ड," सर म्हणाले.

त्यांचा डावा हात वर आला. बोट आनंदीबाईंवर गेलं. मग उंबऱ्यावर. मग सावकाश स्वतःच्या छातीवर. आणि तोंडाचा डावा कोपरा वर चढायला लागला. आधी नुसता श्वास आला, मग एक घोगरा, पडका आवाज, तिरका, अर्धाच. इस्पितळातून आल्यापासून सर पहिल्यांदा हसत होते.

टोपलीवर रोखलेलं ते पहिलं बोट आनंदीबाईंना आता आठवलं. मोगरा. मॅरीड. मग हसणं. बिचारा माणूस दोन महिने एकच गोष्ट सांगत होता. का आणखी काही? ॲट का विथ, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. दोघंही हसत होती, त्यात कुठे मध्येच थांबून विचारायचं?

"काकू, पुढची ओळ!" दिपिका डोळे पुसत म्हणाली.

"...यांचं नाव घेते," आनंदीबाई म्हणाल्या, आणि हाताने दाखवलं, "सोडा माझी वाट."

"यांचं नाही, वहिनी, नाव!" प्लासिड सर ओरडले.

"त्यांनी घेतलं ना? मग झालं. उठा आता दारातून."

प्लासिड सर खुर्ची उचलून बाजूला झाले.

ऊन ओट्यावर यायच्या आत कळ्या बांधायच्या होत्या. आनंदीबाई परत टोपलीशी बसल्या, दोर भिजवला. सरांनी दोन कळ्या देठाला देठ लावून पुढे केल्या. दिपिका वही बंद करता करता थांबली. "नाव लिहिलं. अहो पण लिहिलंय. छोटे शब्द मात्र अजून एकही नाही हां, काकू."

"येतील," आनंदीबाईंनी गाठ मारली. "इथेच कुठेतरी सांडलेत. हे जोडी लावून देतात, गाठीचं मी बघते."